नारळी पौर्णिमा : पूजा सागराची, मर्यादा आपली

श्रावण शुद्ध पौर्णिमा म्हणजे नारळी पौर्णिमा. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर आज कोळी बांधव वाजतगाजत सागराकडे निघतील, वरुणदेवास श्रीफळ अर्पण करतील आणि घरधन्याची होडी सुखरूप परत येऊ दे, अशी विनवणी कोळीवाड्यांतील माउल्या करतील. घरोघरी नारळीभाताचा नैवेद्य दाखविला जाईल. या मंगल दिवशी एक प्रश्न भाविक मनाने स्वतःस विचारावयास हवा : वर्षातून एकदा सागरास नारळ देणारे आपण उरलेल्या दिवसांत त्याला काय देतो?

या सणाचे मर्म केवळ नारळात नाही, तर त्याआधी पाळलेल्या संयमात आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि याच सुमारास अनेक जातींचे मासे अंडी घालतात. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, जाळी सांधायची आणि पौर्णिमेस नारळ दिल्यानंतरच होडी पाण्यात लोटायची, ही रूढी कोणा सरकारने घालून दिलेली नव्हती. आपल्या राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा 1981 सालचा. रूढी त्याच्या कितीतरी आधीची. पुढे पावसाळी बंदीचा काळ 1 जून ते 31 जुलै असा 61 दिवसांचा ठरला. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येत असल्याने यांत्रिक नौका नारळाची वाट न पाहताच समुद्रात जाऊ लागल्या. पूजा राहिली, तिच्यामागील मर्यादा मात्र सैल झाली.

परंतु सारा दोष मच्छीमारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सागरास अधिक त्रास झाला तो किनाऱ्यावरील नगरवासीयांकडून. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी ही एके काळची नदी. तिचा आपण नाला केला. सांडपाणी खाडीत शिरले की त्यातील सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो, मासे दूर निघून जातात आणि पिढ्यान् पिढ्या खाडीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांची चूल विझते. कांदळवनांची गतही तीच. तिवर आणि चिपी यांच्या मुळांच्या आश्रयाने कोळंबी, खेकडे आणि माशांची पिले वाढतात. लाटांचा आणि पुराचा मारा हीच झाडे सोसतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीकाठचा परिसर बुडाला, तेव्हा नदीचे पात्र आवळल्याची आणि कांदळवने बुजविल्याची किंमत मुंबईस कळली. त्याच वर्षी उच्च न्यायालयास कांदळवनतोड थांबविण्याचा आदेश द्यावा लागला.

7 ऑगस्ट 2010 रोजी, नारळी पौर्णिमा काही दिवसांवर आलेली असताना, मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात सांडले व कांदळवनांपर्यंत पोहोचले. समुद्रमंथनाच्या कथेत अमृताआधी हलाहल निघाले आणि ते प्राशन करावयास भगवान शंकर धावून आले. आजचे हलाहल मात्र आपणच समुद्रात ओततो, आणि प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने ते माशांमधून परत आपल्याच ताटात येते.

कोणी म्हणेल, कारखाने आणि गटारे यांच्यापुढे भाविकाच्या एका निर्माल्याच्या पिशवीचे ते काय? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. सांडपाण्याचा भार मोठा आहे आणि त्याचा जाब नगरपालिकांना व उद्योगांना विचारलाच पाहिजे. परंतु जो समुद्रास देव मानतो, त्याची जबाबदारी इतरांहून अधिक आहे. देवळात गाभाऱ्यासमोरील कासवास आपण हात लावून नमस्कार करतो. समुद्रातील जिवंत कासव मात्र तरंगती पिशवी जेलीफिश समजून गिळते आणि मरते. कूर्मावतारास वंदन करणाऱ्यांनी ही विसंगती किती दिवस चालू द्यावी?

सुधारणा अशक्य नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या ग्रामस्थांनी कासवांची अंडी जपून पिले सागरास सुखरूप सोपविण्याचा पाठ घालून दिला. मुंबईत वर्सोव्याचा किनारा कचऱ्याने भरून गेला होता. 2015 साली अफरोझ शाह या वकिलाने शेजाऱ्यांसह तो हाताने साफ करावयास प्रारंभ केला, पुढे असंख्य हात त्यास लागले, आणि मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे निघालेली लोकांनी पाहिली. सागर क्षमाशील आहे. आपण हात आवरला की तो पुन्हा देऊ लागतो.

म्हणून आजच्या पूजेस एका संकल्पाची जोड द्यावी. समुद्रास नारळ द्यावा, पण पिशवीसह नव्हे. निर्माल्य पाण्यात न टाकता बागेच्या मातीस द्यावे. लवकरच गणराय येतील. त्यांची मूर्ती शाडूची आणि लहान असावी, कारण प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही आणि दुसऱ्या दिवशी भग्न मूर्ती किनाऱ्यावर पाहण्याचे पाप आपल्या वाट्यास येते. ज्या घरांत मासे खाल्ले जातात, त्यांनी श्रावण सरल्यावरही अपुऱ्या वाढीचे पापलेट विकत घेऊ नये. एकदाही अंडी न घातलेला मासा ताटात येणे म्हणजे पुढच्या वर्षीचे जाळे रिते करणे होय. आणि खाडीत भराव पडताना दिसला, तर नागरिक म्हणून तक्रार करण्यास कचरू नये.

वेदांनी वरुणास ऋताचा, म्हणजे सृष्टीच्या नियमाचा, रक्षक मानले आहे. नियम मोडणाऱ्यास तो आपल्या पाशात बांधतो, अशी आपली श्रद्धा. त्याच्या हाती श्रीफळ देताना त्याचा नियम मोडणारे हातही आपलेच असतील, तर ती पूजा त्यास कशी पावावी? आजचे श्रीफळ शुद्ध मनाने आणि स्वच्छ हाताने अर्पण होवो, हीच सागरदेवाच्या चरणी प्रार्थना.