पैसे जुळले, माणसं मोजायची राहिली



आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या मुलांनी यंदापासून वर्गणी फक्त क्यूआर कोडवर घ्यायची आणि पावतीपुस्तक बंद करायचं ठरवलंय. मुलं कष्टाळू आहेत, हिशोब चोख ठेवतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण या विषयावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण लिंबायत, डिंडोली, उधना, सगळीकडे आता हेच चाललंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवी पद्धत जरूर आणा. पण जुनी एका रात्रीत बंद करू नका, आणि बदलानंतर कोण यायचं थांबलं ते नावानिशी मोजा.

हे मी छत्तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीवरून सांगतोय. जळगावला बी.कॉम. करून १९७५ साली सुरतेत बँकेत लागलो, २०११ ला निवृत्त झालो. सुरुवातीला जाडजूड लेजर आणि पितळी टोकन. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. पुढे कोअर बँकिंग आलं, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर. मी या बदलांच्या विरोधात कधीच नव्हतो. कागदाचा भरवसा किती, ते २००६ च्या तापीच्या पुराने सुरतेला दाखवलंच होतं.

आमची शाखा कोअर बँकिंगवर गेली तेव्हा शनिवारी व्यवहार बंद केले आणि रविवारभर आकडे जुळवत बसलो. जुन्यातली शिल्लक आणि नव्यातली शिल्लक पैशापर्यंत जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, असा हुकूमच होता. जुळली. सोमवारी शाखा उघडली.

आता ग्राहकाच्या बाजूने बघा. लूमवरची बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला बँकेच्या वेळेत येणं जमायचं नाही. म्हणून यायच्या घरच्या बाया. साड्यांवर खडे-टिकल्या चिकटवून, धागे कापून मिळालेल्या पैशातले पन्नास-शंभर रुपये भरायला. कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, पण आपला चार आकडी खाते नंबर तोंडपाठ होता. तो गेला आणि लांबलचक नवा नंबर आला. पासबुकात कारकुनाने हाताने लिहिलेली रक्कम आणि खाली त्याची सही असायची. वाचता आलं नाही तरी सही झाली का, एवढं त्या बघून घ्यायच्या. आता छापील ओळ आली, सही गेली. "भाऊ, पैसे जमा झाले ना?" हे विचारायला ओळखीचा माणूसही काउंटरवर राहिला नाही, कारण कामं फिरवली गेली.

वर पाठवायच्या अहवालात मात्र व्यवहारांची संख्या वाढत होती, आणि ती खरीच होती. पूर्वी अमळनेर, शिरपूर, नंदुरबारला आईवडिलांना पैसे पाठवायचे तर ड्राफ्ट काढा, पोस्टात टाका, वाट बघा. कोअर बँकिंगनंतर आपल्याच बँकेच्या तिथल्या शाखेत पैसे लगेच जमा व्हायला लागले. २०१६ ला यूपीआय आलं आणि भाजीवाल्यापर्यंत फोन पोचला. सोय झाली, कोणी नाकारू नये.

पण व्यवहार वाढले म्हणजे माणसं वाढली असा हिशोब होत नाही. समजा, तीस माणसं महिन्यातून एकेकदा येतात. व्यवहार तीस. पद्धत बदलल्यावर त्यातली वीस थांबली आणि उरलेल्या दहांनी चार-चार वेळा व्यवहार केला. व्यवहार चाळीस. अहवालात वाढ दिसते, आणि वीस माणसं गेली याची नोंद कुठेच होत नाही.

थांबणारी माणसं भांडत नाहीत, ही यातली खरी अडचण आहे. जो ग्राहक काउंटरवर आवाज चढवतो तो दुसऱ्या दिवशी परत येतो. जिला संकोच वाटला ती गुपचूप घरी जाते, पैसे डब्यात नाहीतर भिशीत ठेवते, आणि खातं तसंच पडून राहतं.

पडून राहिलं की पुढे काय होतं तेही सांगतो, कारण हे प्रत्येक घराच्या कामाचं आहे. दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही तर बचत खातं निष्क्रिय धरलं जातं. दहा वर्षं तसंच राहिलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली सुरू झालेल्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही. खातेदार किंवा वारस नंतरही बँकेकडे मागू शकतात. हरवलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टलही काढलंय. पण शोधायला आधी घरच्यांना माहीत तर हवं, की आईचं किंवा आजीचं एखादं खातं होतं.

त्यात बँकांची नावंही बदलली. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. त्यांचे जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. पासबुकावर 'देना बँक' दिसलं म्हणून ते रद्दीत घालू नका. ते घेऊन बँक ऑफ बडोदात जा. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला बँक पैसे घेत नाही.

आता मंडळाकडे येतो. क्यूआरमुळे कदाचित यंदा वर्गणी जास्तच जमेल. पण मुलाच्या फोनवरून एकदा पाचशे आले की त्या घराचा विषय संपला. आजवर पावती फाडायची म्हणजे पोरं दारात यायची. चहा व्हायचा. कोण आजारी आहे, कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाची लूम बंद पडली, हे सगळं त्या दोन मिनिटांत कळायचं. खान्देशातून एक ट्रंक घेऊन आलेल्या आपल्या पिढीतल्या कित्येकांना पावतीवर स्वतःचं नाव लागतं. एकवीस रुपयांची असली तरी. त्या पावतीवर तो माणूस हक्काने आरतीला पुढे उभा राहतो.

म्हणून माझ्या तीन सूचना. दोन गणेशोत्सव क्यूआर आणि पावतीपुस्तक दोन्ही चालू ठेवा. उत्सव संपल्यावर गेल्या वर्षीच्या स्थळप्रतींशी यंदाची नावं पडताळा, रक्कम नंतर. जी नावं गळाली असतील त्यांच्या घरी दोघांनी जाऊन यायचं, वर्गणी मागायला नाही, विचारपूस करायला.

पडताळणीचं काम मी करायला तयार आहे, आयुष्यभर तेच केलंय. गेल्या वर्षीची पावतीपुस्तकं तेवढी कुणीतरी घरी आणून द्या. आणि येताना तुमच्या घरातली जुनी पासबुकंही घेऊन या, बसून बघू.