कामाचे कपडे दुकानातच राहू द्या

आपल्या मोर्शीत बॅटरीशी संबंध नाही असे घर आता क्वचितच सापडेल. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर आला. ट्रॅक्टर आणि ऑटो होतेच. संत्र्याच्या बागेत पाठीवर घेतात त्या फवारणी पंपातही पुष्कळदा शिसे-आम्लाचीच छोटी बॅटरी असते. या बॅटऱ्या दुरुस्त करून आपल्यातली किती तरी माणसे रोजी कमावतात. कोणी उस्ताद आहे, कोणी शाळा सुटल्यावर शागिर्द म्हणून बसलेला. या महिन्यात बोलायचे आहे ते त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी.

बॅटरीत दोन धोके असतात. पहिला आम्लाचा म्हणजे गंधकाम्लाचा. तो लगेच कळतो: कातडी भाजते, कपड्याला भोक पडते. शाळेत शिकवतो तो नियम इथे जिवाचा आहे. आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे, पाणी आम्लात कधीच नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा. डोळ्यात थेंब गेला तर हळद, तेल, सुरमा काही लावू नये. निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. जमिनीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा.

चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. एका ठिणगीने तो पेट घेतो आणि बॅटरी फुटते. म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर असावी, तिथे बिडी-सिगारेट नको. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी काढताना निगेटिव्हची वायर आधी सोडावी, बसवताना ती शेवटी जोडावी.

दुसरा धोका शिशाचा. तो जळजळत नाही, त्याला वास नाही, म्हणून त्याची कोणी भीती बाळगत नाही. बॅटरी फोडून प्लेटा काढताना, टर्मिनल घासताना, शिसे वितळवून ओतताना त्याची धूळ आणि वाफ उडते. ती हाताला, केसांना, शर्टाला चिकटते. अब्बू संध्याकाळी घरी येतात, धाकटी धावत येऊन गळ्यात पडते, आणि ती धूळ तिच्या हातातून तोंडात जाते. मोठ्या माणसाला शिशामुळे पोटदुखी, बद्धकोष्ठता, थकवा, रक्तक्षय होतो. लहान मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा जास्त शोषते आणि त्यांच्या वाढत्या मेंदूवर घाव बसतो. लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

हे किती पुढे जाऊ शकते ते आफ्रिकेतल्या सेनेगल देशाने पाहिले. राजधानी डकारजवळच्या थियारोये-सुर-मेर या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडत, शिशाचे तुकडे मिळावेत म्हणून माती चाळत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ मुले दगावली. ती मुले कोणत्या कारखान्यात कामाला नव्हती. घराच्या अंगणात खेळत होती.

आपल्याकडे कायद्यात शिशाची विषबाधा ही सरकारला कळवण्याच्या आजारांत आहे. दोन-चार माणसांच्या दुकानापर्यंत तो कायदा सहसा पोहोचत नाही, त्यामुळे काळजी आपणच घ्यायची.

करायचे ते फार खर्चाचे नाही. दुकानात एक खुंटी, एक साबण आणि कपड्यांचा दुसरा जोड ठेवा. हात-तोंड धुऊन, कपडे बदलूनच घरी या. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. दुकानात जेवायचेच असेल तर कामाच्या जागेपासून दूर, हात साबणाने धुऊन जेवा. दुकान कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. बॅटरीच्या रिकाम्या खोक्यात पाणी किंवा धान्य साठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला या कामाला बसवू नका. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्याने डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी.

आणि घरची जुनी बॅटरी? ती उघड्यावर फोडणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, किमतीतही सूट मिळते. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा नीट पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

बहिणींनो, दारात पाऊल ठेवताच "आधी कपडे बदला" असे म्हणायला संकोच करू नका. तो टोमणा नाही, मुलांची काळजी आहे.