इशारा दिला होता, पण जायचं कुठे?

डोंगर कोसळला की बातमीत 'निसर्गाचा कोप' हे दोन शब्द ठरलेले. ते वाचले की मला श्रीलंकेतलं मीरियाबेद्दा आठवतं.

बदुल्ला जिल्ह्यातला हा चहाचा मळा. २९ ऑक्टोबर २०१४ च्या सकाळी, पोरं शाळेला गेल्यावर, वरचा डोंगर सुटला आणि मजुरांच्या चाळी मातीखाली गेल्या. पोरं परतली तेव्हा घर कुठे होतं हेसुद्धा ओळखू येत नव्हतं. आपल्याकडचं माळीण गाडलं जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

मीरियाबेद्दात धोका कुणाला ठाऊक नव्हता असं मात्र नाही. तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था भूस्खलनावर लक्ष ठेवते. तिने २००५ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये सांगितलं होतं की ही वस्ती हलवा. वस्ती हलली नाही. मग दुर्घटनेनंतर ऐकू आलं, 'सांगूनही लोक गेले नाहीत.' या वाक्याची मला खरंच चीड येते.

जाणार कुठे? ही माणसं तमिळनाडूतून इंग्रजांनी आणलेल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं. आधी कॉफी, रोगाने ती गेल्यावर चहा. त्यासाठी जंगल तोडलं, उतार कापले आणि त्याच उतारांवर 'लाइन' बांधल्या, म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोल्यांच्या रांगा. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, १९४८ च्या कायद्याने, यातल्या लाखोंना नागरिकत्व नाकारलं गेलं. ते मिळवायला पुढे २००३ पर्यंत झगडावं लागलं. जमीन सरकारची, भाडेपट्टा कंपनीचा, खोली नोकरीपुरती. सात पिढ्या राबूनही सातबारा नाही, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. खोली सोडली तर काम जाण्याची भीती, आणि दुसरीकडे हातभर जागा नाही.

इशाऱ्याची यंत्रणा तशी चांगली आहे. पिवळा म्हणजे सावध राहा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे घर सोडा. चोवीस तासांत दीडशे मिलिमीटर पाऊस झाला की लाल. पण लाल इशारा मोबाइलवर येतो, जमिनीचा कागद येत नाही. दोन दिवस शाळेत झोपून माणूस परत त्याच खोलीत येतो, कारण सकाळी पाने खुडायला जायचं असतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दित्वा चक्रीवादळ आलं. देशभरात सहाशेहून अधिक माणसं गेली. कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला या डोंगरी जिल्ह्यांत उतारच्या उतार खाली आले. पुन्हा तेच जिल्हे, आणि चहाच्या पट्ट्यात पुन्हा त्याच लाइन.

आपण तरुण मंडळी अशा वेळी मदत गोळा करतो, धान्याची किट बांधतो. ते करायलाच हवं. (फोटो थोडे कमी काढले तरी चालतील.) पण सोबत एक प्रश्न विचारायची सवयही लावून घ्या: या माणसांच्या नावावर किती जमीन आहे? श्रीलंकेत मळेकामगारांची मागणी कैक वर्षं घराची आणि जमिनीची आहे. सरकारी योजनेत एका कुटुंबाला सात पर्च ठरले होते, म्हणजे साधारण एकोणीसशे चौरस फूट. तेही फार थोड्यांच्या हाती पडले आहेत. मीरियाबेद्दातून वाचलेल्यांना घरं मिळाली ती दोन वर्षांनी. तोवर कित्येकांचा मुक्काम बंद पडलेल्या चहाच्या कारखान्यात होता.