वॉरंटी संपण्यापूर्वी गाडी दाखवून घ्या

गाडी घेताना विक्रेता वाढीव वॉरंटीचे गुणगान करतो आणि आपणही तेवढे पैसे भरून मोकळे होतो. पुढे ते कागद विम्याच्या फायलीत जाऊन पडतात. त्यांची आठवण होते ती एसीचा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर. तोवर मुदत उलटून पंधरा दिवस झालेले असतात आणि खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन दिवस अबोला!

तेव्हा आधी ते कागद शोधा. मुदत सहसा गाडी ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात आणि सोबत किलोमीटरची मर्यादाही असते. दोन्हींपैकी जे आधी पूर्ण होईल, तिथे वॉरंटी संपते. गाडीचा वापर जास्त असेल तर नुसत्या तारखेवर विसंबू नका. तपासणीसाठी शेवटचा आठवडाही निवडू नका, दीड-दोन महिने हाताशी असू द्या.

वर्कशॉपमध्ये जाण्यापूर्वी आठवडाभर घरच्या घरी निरीक्षण करा. रोज गाडी चालवणाऱ्याचे कान आवाजांना सरावलेले असतात, म्हणून हे काम शेजारी बसणाऱ्या व्यक्तीने करावे. 'अहो, हा कसला खडखडाट?' या प्रश्नाला एरवी 'काही नाही गं' असे उत्तर मिळते. आता तोच खडखडाट वहीत टिपून ठेवा. सकाळी थंड इंजिन सुरू करताना येणारा आवाज, गतिरोधकावर पुढच्या चाकाकडून येणारा 'ठक्', वेग वाढला की सुरू होणारी घरघर, सारे लिहा. कूलंट वरचेवर कमी होतो का, तेही पाहा. रात्री इंजिनाखाली जुना पुठ्ठा अंथरा. सकाळी त्यावर तेलाचे काळसर किंवा कूलंटचे रंगीत डाग दिसले तर गळती आहे. एसीचे स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर मात्र घाबरू नका.

ही यादी घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जा. तिथे बहुधा ऐकू येईल, ''हा आवाज या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांना येतो.'' या गोड वाक्यावर परत फिरू नका. मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा आणि प्रत्येक तक्रार, तुमच्याच शब्दांत, जॉब कार्डवर लिहून घ्या. तारीख आणि किलोमीटरच्या नोंदीसह त्याची प्रत मागा. दोष आज सापडला नाही, तरी तक्रार मुदतीत केली होती याचा तो पुरावा असतो. तोंडी सांगितलेले कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि राहिले तरी कबूल कोण करणार?

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांसारखे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत नसतात, त्यांच्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. जोर लावायचा तो स्टीअरिंग, गिअरबॉक्स, इंधन पंप अशा महागड्या भागांसाठी. ठरलेली सर्व्हिसिंग चुकवली असेल किंवा बाहेरून वायरी कापून म्युझिक सिस्टिम बसवली असेल, तर त्याच कारणावरून नकार मिळू शकतो. म्हणून सर्व्हिसिंगची बिले सोबत न्या.

नकार मिळालाच तर तो लेखी मागा आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करा. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही.

आणखी एक. वॉरंटीत बदलून मिळालेल्या भागाला बहुधा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू होते. म्हणजे शेवटच्या महिन्यात बसवलेला भाग पाहायला तुमच्या हाती तेवढेच दिवस. गाडी परत मिळताच भरपूर फिरवा आणि तोच आवाज पुन्हा आला, तर दुसरे जॉब कार्ड मुदतीच्या आतच करून घ्या.