फोन संगणकाला जोडला जात नाही? फॉरमॅट मारण्याआधी केबल बदला

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या धंद्यात फोटो हा आता मालाचाच एक भाग झाला आहे. भिवंडीचा कापडवाला असो, मालेगावचा साडीवाला असो, जरदोजीचा कारखानदार असो की मिरजेचा सतारमेकर, परगावचे गिऱ्हाईक आधी फोटो मागते आणि मग भाव विचारते. फोटो मोबाईलवर निघतो, लग्नाचे काम करणाऱ्याचा कॅमेऱ्यावर निघतो. पण कॅटलॉग लावायचा, भरतकामाचे डिझाईन पंचिंगला द्यायचे, अल्बम बांधायचा, तर तो दुकानातल्या संगणकावर उतरवावा लागतो आणि नेमके तिथेच गाडे अडते. केबल लावली, फोन चार्ज होऊ लागला, संगणकावर मात्र काही दिसत नाही. नाहीतर कोपऱ्यात इंग्रजी सूचना झळकते की हे यूएसबी उपकरण ओळखता आले नाही.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते. तो येतो, दोन बटणे दाबतो आणि म्हणतो, 'विंडोज खराब झाली, फॉरमॅट मारावा लागेल.' मजुरी जाते, दिवस जातो आणि बॅकअप घेतला नसेल तर वर्षभराचा हिशेब व जुनी बिलेही जातात. आमचे स्पष्ट मत आहे की या एका तक्रारीसाठी फॉरमॅट मारणे म्हणजे दाढ दुखते म्हणून डोके भादरणे आहे. दोष बहुतेक वेळा केबलमध्ये किंवा फोनच्या एका सेटिंगमध्ये सापडतो.

केबलचे आधी पाहू, कारण तीच सर्वात स्वस्त आणि तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पांढरी माहितीची. बाजारात अशा कितीतरी केबली आहेत ज्यांत हिरवी-पांढरी तार घातलेलीच नसते. अशा केबलने फोन व्यवस्थित चार्ज होतो, म्हणून मालकाला वाटते की केबल ठीक आहे. पण फोटो जाण्यासाठी तिच्यात रस्ताच नाही. संगणक बापडा काय ओळखणार? बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. ओळखायचा उपाय एकच. ज्या केबलने दुसऱ्या एखाद्या फोनचे फोटो त्याच संगणकावर उतरतात, ती लावून पाहावी. ती चालली तर वाद मिटला.

इथे आम्हाला आमच्याच दुकानदार बांधवांना दोन शब्द सांगायचे आहेत. मोबाईलच्या सुट्या सामानाच्या धंद्यात आपली मंडळी पुष्कळ आहेत. फक्त चार्जिंगची केबल विकण्यात काही गैर नाही. रेल्वे स्टेशनवर, हॉटेलात, परक्या ठिकाणी चार्जिंग करायचे तर तीच जास्त सुरक्षित, कारण तिच्यातून माहिती जाऊच शकत नाही. गैर आहे ते न सांगता विकणे. 'गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी घासाघीस करते, त्याला तारा किती हे कशाला सांगा,' असे उत्तर आम्हाला ऐकवले जाते. पण त्याच गिऱ्हाइकाचा पुढे दिवस मोडतो, दुरुस्तीवाल्याला पैसे जातात, आणि ज्या दिवशी त्याला खरे कारण कळते त्या दिवशी ते त्या दुकानाची पायरी सोडते. काउंटरवर एक जुना संगणक आणि एक फोन ठेवावा, केबल लावून दाखवावी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. दोन प्रकारच्या केबली दोन डब्यांत ठेवाव्यात आणि भावही वेगळे सांगावेत. कंपन्यांनीच वेष्टनावर ठळक छापायला हवे, हे खरे. त्या छापतील तेव्हा छापतील.

दुरुस्तीवाल्या तरुणांबद्दलही बोलले पाहिजे, पण एकतर्फी नको. केबल बदलून पाच मिनिटांत काम झाले, तर आपले व्यापारी त्याला चहा पाजून वाटेला लावतात. 'केलेस काय, नुसती वायर बदललीस!' ज्याला अक्कल वापरण्याचे पैसे मिळत नाहीत तो उद्या फॉरमॅट मारूनच पैसे घेईल. पाहणीची फी आधी ठरवावी आणि दोष कितीही किरकोळ निघाला तरी ती द्यावी. मग फॉरमॅटचा सल्ला आपोआप कमी होईल.

केबल चांगली असूनही फोन दिसत नसेल तर फोनकडे वळावे. अँड्रॉइडच्या ६.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फोन केबलला जोडला की आपणहून फक्त चार्जिंगवर राहतो. हे मुद्दाम केलेले आहे, कोणीही फोन हिसकावून त्यातला माल काढू नये म्हणून. कुलूप उघडून वरची पट्टी खाली ओढावी, यूएसबीची सूचना दाबावी आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडावे. पूर्वीचे फोन संगणकाला पेनड्राइव्हसारखे दिसत, आताचे एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. म्हणून 'डी', 'ई' असे अक्षर त्यांना मिळत नाही, आणि ते शोधत बसण्यात अर्थ नाही. आताच काढलेले फोटो यादीत येत नसतील तर फोन एकदा बंद करून चालू करावा. आणि एमटीपीवर 'कट-पेस्ट' कधीही करू नये. कॉपी करावे, दोन-चार फोटो उघडून पाहावेत, मगच फोनवरचे पुसावेत. मध्येच केबल हलली तर अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे, आणि काही कुठेच नाही असे होते.

आयफोनची तऱ्हा वेगळी. तो उघडलेला हवा आणि पडद्यावर 'ट्रस्ट' विचारतो तेव्हा होकार द्यायला हवा. २०१८ च्या ११.४.१ आवृत्तीपासून तासाभराहून अधिक वेळ कुलूपबंद राहिलेला आयफोन केबलवरून माहिती देणे थांबवतो. फोटो उतरवताना मध्येच 'उपकरण काम करीत नाही' असे आले तर फोनच्या सेटिंगमध्ये फोटोच्या भागात जाऊन संगणकाकडे पाठवताना 'कीप ओरिजिनल्स' निवडावे. २०१७ नंतर आयफोन एचईआयसी नावाच्या नव्या प्रकारात फोटो साठवतो आणि जाता जाता ते बदलताना अडखळतो. मूळ रूपात घेतले तर सुरळीत उतरतात. ते उघडायला संगणकावर वेगळी सोय लागते, ती फुकट मिळते.

यंत्रमागाच्या गावांत आणखी एक कारण असते. कारखान्यातली कापसाची तूस फोनच्या भोकात साचते आणि दाबून दाबून घट्ट बसते. केबल आत पूर्ण बसत नाही. फोन बंद करून लाकडी काडीने हळूच कोरून काढावी, टाचणी घालू नये.

कॅमेरेवाल्यांना आमचा सल्ला थोडक्यात आहे. केबलच्या नादी लागू नका, कार्ड रीडर घ्या. कॅमेऱ्याची बॅटरी खर्ची पडत नाही, त्याचे नाजूक भोक झिजत नाही. केबलच वापरायची असेल तर मेनूतली यूएसबीची सेटिंग पाहावी. कित्येक कॅमेऱ्यांत वाय-फाय चालू असेल तर केबलची जोडणी बंद होते.

पण कार्ड लावल्यावर संगणक म्हणाला की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा, तर हात आवरावा. एका लग्नाचे, एका हंगामाच्या डिझाइनांचे फोटो या एका बटणाने जातात. 'कॅन्सल' करावे आणि दुसऱ्या रीडरमध्ये कार्ड घालून पाहावे. जुने रीडर ६४ जीबी किंवा त्याहून मोठी कार्डे वाचू शकत नाहीत आणि दोष कार्डाच्या माथी येतो. दुसऱ्या रीडरवरही तेच आले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये. फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याने पुष्कळदा फोटो परत मिळतात. मिळालेले फोटो संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवावेत, त्याच कार्डावर नव्हे, नाहीतर उरलेलेही पुसले जातील. चुकून फॉरमॅट झालेच असेल, तरी वर नवे काही लिहिले गेले नसेल तर आशा असते.

आता उरला संगणक. डब्याच्या पुढच्या बाजूची भोके आतून एका वायरीने बोर्डाला जोडलेली असतात, ती वायर सैल पडते. म्हणून मागच्या बाजूला, थेट बोर्डावरच्या भोकात केबल लावावी. हब मध्ये नको, आणि केबल लांबलचकही नको. यूएसबी २.० साठी ५ मीटर ही मर्यादाच आहे. उपकरण ओळखले नाही अशी सूचना येतच राहिली तर सर्व केबली काढाव्यात, संगणक बंद करून भिंतीवरचे बटण बंद करावे आणि पाच मिनिटे थांबून पुन्हा चालू करावा. हा भाबडा उपाय वाटतो, पण बोर्डावर अडकलेली वीज निघून गेल्यावर कितीतरी वेळा काम होते. त्यानेही न झाल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये ज्या नावापुढे पिवळी खूण असेल ते उपकरण काढून टाकावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज ते पुन्हा आपणहून बसवते. विंडोज ७ असलेल्या जुन्या यंत्रावर निळी भोके ड्रायव्हरवाचून चालत नाहीत, तिथे काळ्या भोकात लावावे.

इतके करूनही कोणतेच उपकरण कोणत्याच भोकात चालत नसेल, तर भोकेच गेली असे समजावे. तेव्हाही दुरुस्तीवाला लगेच मदरबोर्ड बदलायला सांगेल. आतल्या रिकाम्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारे यूएसबीचे वेगळे कार्ड मिळते, बोर्डाच्या मानाने फार स्वस्त. ते बसेल का, एवढे आधी त्याला विचारावे.