उसाच्या फडातला झोंबी

झोंबी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अमेरिकी सिनेमातला, माणसाचे लचके तोडणारा. मूळचा झोंबी कुणाला चावत नाही. तो राबतो.

तो हैतीचा. फ्रेंच अमलात तिथे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून ऊस पिकवून घेत. मेल्यावर तरी सुटका होईल, जीव आपल्या मुलखात परत जाईल, एवढाच त्यांना आधार. झोंबीच्या कथेत तोही राहत नाही. मांत्रिक मढं उठवतो आणि पुन्हा शेतात जुंपतो. त्याच्या जेवणात मीठ घालायचं नाही, कारण मीठ जिभेला लागलं की आपण मेलोय हे त्याला आठवतं आणि तो थडग्याची वाट धरतो. १८०४ साली गुलामांनी लढून देश स्वतंत्र केला, तरी ही भीती गेली नाही.

१९१५ ते १९३४ हैती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. त्याच काळात, १९२९ मध्ये, विल्यम सीब्रूकच्या पुस्तकातून झोंबी अमेरिकेत पोचला. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’त साखर कारखान्यातला एक झोंबी चरकात पडतो आणि बाकीचे फिरत राहतात. दृश्य जबरदस्त आहे. पण सिनेमाला काळजी लागली आहे ती एका गोऱ्या नवरीची!

१९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला आणि भीतीने बाजूच बदलली. आता घर आपलं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आणि बाहेर जमाव. राबणाऱ्याचं भय घरमालकाचं झालं. रोमेरो स्वतः हुशार होता. त्याचा कृष्णवर्णीय नायक रात्रभर तग धरतो आणि सकाळी मदतीला आलेलेच त्याला झोंबी समजून गोळी घालतात. मागून आलेल्या बहुतेकांनी जमाव तेवढा उचलला, हा शेवट सोडून दिला. आपल्या ‘झोंबिवली’ने निदान टॉवर आणि वस्ती शेजारी ठेवून पाण्याचा प्रश्न विचारला, हे मला आवडलं.

मी बीड जिल्ह्यात मास्तरकी केली. दसरा-दिवाळी उरकली की वर्ग निम्मे व्हायचे, पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच टोळीत. बाप गेला तर उचल पोराच्या अंगावर यायची, हेही पाहिलंय. ‘मेल्यावर तरी सुटू’ असं म्हणायचीही तिथे सोय नव्हती. त्यामुळे हैतीची गोष्ट मला परक्या मुलखातली वाटत नाही, आणि मॉलमध्ये अडकलेल्या शहरी जोडप्याच्या किंकाळ्यांनी माझ्या अंगावर काटाही येत नाही.

मराठी दिग्दर्शकांना एकच विनंती. पुढचा झोंबीपट उसाच्या फडात घडू द्या. कथा हवी असेल, तर हंगामात कुठल्याही कारखान्याच्या पट्ट्यात जाऊन एखाद्या कोपीत बसा.