‘घरी न्या’ म्हटल्यानंतर

‘आता घरी घेऊन जा, करण्यासारखे काही उरलेले नाही.’ शरीरभर कॅन्सर पसरलेल्या वृद्धाच्या कुटुंबाला हे सांगितले जाते, तेव्हा उपचार थांबतात. वेदना थांबत नाहीत. धाप, मळमळ, चिघळलेली जखम आणि रात्रभराची तळमळ घरी येते. ती निस्तरायची वेळ बहुधा थकलेल्या जोडीदारावर किंवा सुनेवर येते.

मुळात ‘काही उरलेले नाही’ हेच खरे नाही. कॅन्सरच्या वेदना पायरीपायरीने औषधे देऊन कशा आटोक्यात आणायच्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितले. त्याच वर्षी वांद्र्यात अशा रुग्णांची शुश्रूषा करणारे शांती आवेदना सदन सुरू झाले. त्रास कमी करणारी अशी उपशामक सेवा अगदी शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याचेही कारण नाही. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना ती निदानापासूनच दिली, तर त्यांचे दिवस अधिक सुसह्य जातात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. ते रुग्ण इतरांपेक्षा सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ जगलेही.

अडते ते तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनपाशी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ कमी केले, पण धास्ती गेली नाही. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. मात्र वृद्धांची मूत्रपिंडे अनेकदा अशक्त असतात, आधीच्या गोळ्याही चालू असतात. म्हणून ते अल्प मात्रेने सुरू करणारा प्रशिक्षित डॉक्टर हवा.

केरळने २००८ मध्ये धोरण आखून ही सेवा ग्रामपंचायतींकडे सोपवली. तिथे परिचारिका रुग्णाच्या घरी जाते. आपल्याकडे सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेचे कवच मिळाले, पण ते रुग्णालयात दाखल झालेल्यांपुरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

राज्य सरकारने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनचा साठा, प्रशिक्षित डॉक्टर आणि घरी जाणारे परिचारिकांचे पथक यांची तरतूद करावी. कुटुंबांनीही आजार लपवून ठेवण्यापेक्षा आजी-आजोबांनाच विचारावे: आणखी केमो हवी, की घरी आपल्या माणसांत राहायचे? आजार त्यांचा आहे. निर्णयही त्यांचाच असला पाहिजे.